बदली नवरदेव

ग्रिफिथ, न्यू साउथ वेल्स
२० फेब्रुवारी १९५५

भावोजी,

मी पोचले. जहाजाला तेहेतीस दिवस लागले, आगगाडीला एक रात्र आणि स्टेशनपासून घरापर्यंत तुमच्या भावाच्या ट्रकला पाऊण तास. त्या पाऊण तासात तुमचे भाऊ तीन शब्द बोलले. तिन्ही मला कळले नाहीत.

तुम्ही म्हणाल, ही तक्रार मला कशाला? तर सांगते. आमच्या पेलेस्त्रीना बेटावरच्या देवळात पाद्रीबाबांनी विचारलं तेव्हा 'हो' तुम्ही म्हणालात. अंगठी तुम्ही घातलीत. जेवणात वाम तीनदा वाढून घेतलीत, आणि निघताना आमच्या वडिलांच्या गळ्यात पडून रडलात तेही तुम्हीच. नवरदेव त्या वेळी अर्ध्या जगापलीकडे द्राक्षांना पाणी देत होते. तेव्हा माल जसा निघाला त्याचा जाब बदली नवरदेवानेच द्यायचा. जेलिंदो तोर्मेन या माणसाची आणि माझी अजून नीट ओळखही नाही.

माणूस उंच आहे. फोटोत टोपी होती, ती का होती ते कळलं. घर पत्र्याचं आहे, दुपारी त्यात पाव आपोआप भाजला जाईल. हे सगळं मी चालवून घेईन. पण कनालाचं काय?

लग्नाआधी तुमच्या भावाच्या पत्रात लिहिलं होतं, 'घरासमोरून कनाल वाहतो. सायंकाळी त्याच्या काठी बसावे आणि आपल्या बेटाचे स्मरण व्हावे.' भावोजी, तुम्ही दीड वर्ष आमच्याकडे समुद्राच्या भिंतीचे दगड बसवत होतात. आमच्यात कनाल कशाला म्हणतात ते तुम्ही बघितलंय. त्यात होड्या असतात, जाळी असतात, समोरच्या काठावर भांडायला एखादी बाई असते. इथे मळ्याला पाणी देणारी चारी आहे. काल शेजारचं कुत्रं त्यावरून उडी मारून पलीकडे गेलं. म्हातारं कुत्रं आहे.

मला वाटलं होतं, बाकी काही नसलं तरी बोली तर एक असेल. तुम्ही आमच्यात राहून आमच्यासारखं बोलायला शिकला होतात, ते माझ्या लक्षातच आलं नाही. मी समजले, फेल्त्रेच्या डोंगरात सगळे असंच बोलतात. आम्ही शब्दाचा शेवट गाण्यासारखा लांबवतो. तुमचे भाऊ तो कुऱ्हाडीने तोडतात. शिवाय 'स' म्हणायच्या जागी जीभ दातांत धरतात. पहिल्या संध्याकाळी मला म्हणाले, 'थेना'. मला वाटलं जीभ चावली, म्हणून मी पाणी दिलं. पाणी प्याले आणि पुन्हा म्हणाले, 'थेना'. मी पुन्हा पाणी दिलं. तिसऱ्या पेल्यानंतर त्यांनी उठून स्वतःच पाव कापून घेतला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की आपण ज्याला 'सेना' म्हणतो ते जेवण हा माणूस मागत होता.

उत्तर विमानाच्या टपालाने पाठवा.

नेरीना गेत्सो
(तोर्मेन लिहायची सवय अजून झालेली नाही)


१३ मार्च १९५५

भावोजी,

तुमचं उत्तर नाही. फेल्त्रेत विमानाचं टपाल बैलगाडीने येत असावं.

द्राक्षांची तोडणी चालू आहे. आमच्या शेजारी अमाबिले बाई म्हणून आहेत. मूळच्या त्रेविझोकडच्या, इथे येऊन तीस वर्षं झाली. त्यांची बोली आमच्या पाण्याच्या आणि तुमच्या डोंगराच्या बरोबर मधली, त्यामुळे आमच्या घरात दुभाष्याचं काम त्या करतात. एकाच भाषेचे नवरा-बायको आणि मध्ये दुभाषी, असं मी तरी कुठे ऐकलं नव्हतं. इथल्या इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना आम्ही सगळे इटालियनच. बँकेतला कारकून मला म्हणाला, तुम्हा लोकांचं बरं आहे, एकमेकांशी बोलता तरी येतं.

अमाबिले बाई निम्मं सांगतात आणि निम्मं पदरचं घालतात. परवा तुमचे भाऊ पाच शब्द बोलले. त्याचं भाषांतर पाव तास चाललं, आणि त्यात अमाबिले बाईंच्या यजमानांच्या पित्ताचाही उल्लेख होता. शेवटी मी विचारलं, ते नेमकं काय म्हणाले? तर म्हणे, 'शिडी कुठे ठेवलीस ते विचारतोय.'

तुमचे भाऊ दिवसातून वीस वेळा 'ऑस्त्रेगा' म्हणतात. टोपली उसवली, ऑस्त्रेगा. दूध उतू गेलं, ऑस्त्रेगा. आमच्याकडेही म्हणतात, पण ऑस्त्रेगा म्हणजे कालव हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी विचारलं, तुम्ही कधी कालव बघितलंय का? नाही म्हणाले. कसं असतं? मी हातवारे करून सांगितलं की शिंपला उघडायचा, वर लिंबू पिळायचं आणि गिळून टाकायचं. मग म्हणाले, जिवंत? मी म्हटलं, जिवंत. तर म्हणाले, 'ऑस्त्रेगा.'

तोडणीच्या वेळी उन्हाकडे पाठ होईल ती ओळ ते मला देतात आणि स्वतः समोरून ऊन घेतात, असं अमाबिले बाईंचं निरीक्षण आहे. मला विचाराल तर त्यांना ती ओळच आवडते. माणसाचं प्रत्येक वागणं आपल्यासाठीच असतं असं समजायचं कारण नाही.

तुमच्या भावाला पत्रात जे सुचतं त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढं तरी तोंडाने सुचायला हवं होतं. 'आपल्या आगमनाने या रुक्ष भूमीस पालवी फुटेल' असं लिहिणारा माणूस समोरासमोर फक्त शिडीची चौकशी कशी करतो, हे कोडं मला सुटलेलं नाही. तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता. उकल कळवा.

नेरीना


१० एप्रिल १९५५, ईस्टरचा रविवार

एवारिस्तो तोर्मेन यांस,

तुमचं पत्र काल मिळालं. अक्षर सुंदर आहे. 'g'चं शेपूट डावीकडे वळवून वर एक गाठ मारायची तुमची पद्धत फारच छान. मी ती लगेच ओळखली. माझ्या ट्रंकेत, लेस विणायच्या उशीखाली, अकरा पत्रं आहेत. त्या अकराही पत्रांत 'g' असाच गाठ मारून उभा आहे.

तुम्ही मला पत्रं आणून द्यायचात तेव्हा म्हणायचात, जेलिंदोचं पाकीट माझ्या पाकिटातून आलं. मी गवंड्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. समुद्र अडवणारी भिंत बांधतो तो माणूस खोटं कशाला बोलेल, असं वाटलं.

मी तुमचं पत्र आणि त्या अकरांतलं एक, दोन्ही तुमच्या भावासमोर टेबलावर ठेवली. त्यांनी दोन्ही लांब धरून पाहिली. मग एकच शब्द बोलले, 'एवारिस्तो.' त्यासाठी अमाबिले बाईंची गरज लागली नाही.

नंतर मी ते सायंकाळी काठावर बसून स्मरण करण्याचं वाक्य त्यांना वाचून दाखवलं. त्यांचे कान लाल झाले. मी ते वाक्य पाठ म्हणू शकते हे त्यांना कळू नये म्हणून मी कागदाकडे बघत होते. ते म्हणाले, मीही अकराच लिहिली होती. तुझ्यासाठीच. त्याच्याकडे पाठवली होती.

ती पत्रं कुठे आहेत?

मी अमाबिले बाईंकडे राहायला आले आहे. ईस्टरचं जेवण इथेच झालं. देवळात मी उजवीकडच्या बाकावर बसले, तुमचे भाऊ डावीकडच्या. ज्या माणसाने लिहिलं त्याच्याशी माझं लग्न झालं नाही, आणि ज्याच्याशी झालं त्याने ते लिहिलं नाही. माझा 'हो' नेमका कोणाला होता, याचा विचार करायला मला दुसऱ्याचं घर हवं होतं.

ती अकरा पत्रं पाठवा. असतील तशी, जशीच्या तशी. सुंदर करून पाठवलीत तर मी पुढच्या जहाजाने येईन आणि तुम्ही बांधलेल्या भिंतीवरून तुम्हाला ढकलीन.

ने. गे.


२९ मे १९५५

भावोजी,

भावोजी लिहिलं म्हणून राग गेला असं समजू नका. सवयीने लिहिलं गेलं.

तुमचा कबुलीजबाब वाचला. आधी फेल्त्रेच्या एका मुलीला आणि मग बेल्लुनोच्या एका विधवेला तुम्ही भावाची पत्रं होती तशी दाखवलीत आणि दोघींनी नाही म्हटलं. म्हणून तिसऱ्या खेपेला पत्रंच दुरुस्त केलीत. भिंतीला भेग पडली की तुम्ही चुना भरता, हे खरंच. पण मी भिंत नाही. मूळ पत्रं माळ्यावर कुठेतरी आहेत, शोधून पाठवतो, असं लिहिलंय. शोधा. माळ्यावर उंदीर नाहीत ना?

इथे आता हिवाळा. पाटबंधारेवाल्यांनी दुरुस्तीसाठी पाणी बंद केलं आहे. आमच्या कनालात चिखल, एक बूट आणि एक मेलेलं कासव आहे. तुमच्या त्या 'सायंकाळी काठी बसावे' वाक्याचा मी रोज जप करते.

मी परत जाणार आहे हे अमाबिले बाईंना सांगितलंय. त्या म्हणाल्या, जा, पण संत्री उतरवून जा, माणसं कमी आहेत. म्हणून तूर्त संत्री उतरवते आहे.

तुमचे भाऊ मला परत चल म्हणायला आलेले नाहीत. एकदाही नाही. दर रविवारी देवळानंतर ते अमाबिले बाईंच्या फाटकाशी येतात, टोपी काढतात आणि एखादा प्रश्न विचारतात. पहिल्या रविवारी विचारलं, तुमच्या वडिलांची होडी किती हात लांब? मी म्हटलं, कोणती? तीन आहेत. म्हणाले, सगळ्यात लहान. मी सांगितलं. टोपी घातली आणि गेले. दुसऱ्या रविवारी विचारलं, बूड सपाट की गोल? तिसऱ्या रविवारी, फळ्यांच्या फटीत काय भरता? ताग आणि डांबर, मी म्हटलं. मग मलाच राहवेना, म्हणून ताग आधी कसा पिळायचा तेही दाखवलं.

गावात आता सगळ्यांना ठाऊक झालंय की तोर्मेन शेडमध्ये होडी बांधतोय. समुद्र साडेतीनशे मैलांवर, समोरचा पाट कोरडा, आणि बांधणाऱ्याने जन्मात होडीत पाय ठेवलेला नाही. इथल्या इटालियन क्लबात बॉल घरंगळवायचा आमचा खेळ चालतो, तिथे काही लोक बायबलातल्या प्रलयाच्या तारवावरून त्यांना विचारतात की किती जनावरं आत घेणार, प्रत्येकी जोडी ना? ते उत्तर देत नाहीत. मी त्यातल्या एकाला दिलं. अमाबिले बाई म्हणाल्या, तू त्याला जे बोललीस त्याचं भाषांतर मी करणार नाही. मी म्हटलं, त्याला कळलंय.

माझा याच्याशी काही संबंध नाही. कोणीही काम करत असलं आणि चार लोक हसले तर मी बोलतेच.

नेरीना


१७ जुलै १९५५

भावोजी,

पाकीट आलं. अकरा पत्रं. एक उंदराने कुरतडलंय, पण वाचता येतं.

आधी मला ती वाचताच येईनात. तुम्ही मला पुस्तकातलं इटालियन पाठवत होतात, शाळेत छडीखाली शिकवतात ते. तुमच्या भावाने बोलतात तसं लिहिलंय. शब्द अर्धे, शेवट तोडलेले, आणि जीभ दातांत धरायच्या जागी एक स्वतःचंच चिन्ह काढलंय, चावलेल्या बिस्किटासारखं. आपली बोली कागदावर लिहिलेली मी आजवर पाहिली नव्हती. आमच्याकडे ती ओरडायला आणि गायला. लिहायचं म्हटलं की आम्ही सगळे एकदम सरकारी होतो.

डोळ्यांनी वाचता येईना म्हणून अमाबिले बाईंच्या स्वयंपाकघरात बसून मोठ्याने वाचलं. तेव्हा एकेक शब्द उलगडला. 'थेना', 'थिंक्वे' म्हणजे पाच, सगळं माझ्याच तोंडातून यायला लागलं. अमाबिले बाई बाहेरून डोकावल्या. त्यांना वाटलं जेलिंदो आलाय.

दुसऱ्या पत्रातलं उतरवते, म्हणजे तुम्ही काय गाळलंत ते तुम्हाला आठवेल. 'तिला सांग, घरापुढे कनाल आहे म्हणजे चारी आहे. उडी मारून जाता येतं. बेटावरची आहे म्हणून सांगतो, नंतर फसवलं म्हणायला नको. सावली नाही. एक झाड लावलंय, अजून गुडघ्याएवढं आहे. केस गेलेत तेही सांग.' पाचव्यात, 'तिला विचार, बोलणं कमी असलेला माणूस चालतो का. मला आतून बरंच सुचतं पण ते बाहेर येईतो समोरचा निघून जातो.' आणि नवव्यात एवढंच, 'अजून हो म्हणाली नसेल तर घाई करू नको. सगळं सांगितलंस ना?'

नाही सांगितलंत.

मी तुम्हाला खरं लिहिते, कारण या सगळ्यात एकाने तरी तुम्हाला खरं लिहायला हवं. ही पत्रं मला तेव्हा पेलेस्त्रीनात मिळाली असती तर मी तिसरी नाही म्हणणारी झाले असते. चारी, पत्रा, टक्कल आणि गुडघ्याएवढं झाड, याला कोण हो म्हणेल? तुमच्या खोट्यावाचून मी इथे आलेच नसते. म्हणून तुमचे आभार मानायचे की दगड मारायचा, हे अजून ठरलेलं नाही. दोन्ही करीन बहुतेक.

ते झाड अंजिराचं आहे. आता माझ्या खांद्यापर्यंत आलंय. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

नेरीना


४ सप्टेंबर १९५५

भावोजी,

पाणी सोडलं. आणि होडी उतरवली.

दिसायला ती गुरांच्या गव्हाणीसारखी आहे. पुढचं टोक आणि मागचं टोक यांत फरक नाही. मी विचारलं, हे का? तर म्हणाले, चारीत वळायला जागा नाही, मग परत येताना मागचं पुढे होईल. भावोजी, आमच्या बेटावर होड्या बांधणाऱ्यांच्या पाच पिढ्या झाल्या, हे त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही. तशी गरजही पडली नाही म्हणा. वल्हं पसरायलाही जागा नाही, म्हणून मी मागे उभी राहून लांब काठीने रेटते. एका कडेने फटीतून पाणी येतं. ताग पिळताना त्यांनी घाई केली. मी सांगितलं तसं केलं नाही.

पहिल्या दिवशी दोन्ही काठांवर माणसं उभी होती. त्या क्लबातलेही आले होते, जनावरांचं विचारणारे. मी उभी राहिले, काठी लावली आणि सुटले. सात महिन्यांनी पायाखाली काहीतरी हललं. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याने. वारा नव्हता असं अमाबिले बाई म्हणतात, पण त्या लांब उभ्या होत्या.

हा पाट अमाबिले बाईंच्या मळ्यापासून निघतो आणि तुमच्या भावाच्या घरासमोरून जातो. पुढे पाणी अडवायचं लोखंडी दार आहे, तिथे थांबावंच लागतं. म्हणजे होडीत बसलं की त्यांच्या घराशी जाणं भागच आहे, दुसरा रस्ता नाही. दोनदा-तीनदा जाताना मक्याच्या पिठाचा पोलेंता घेऊन गेले, कारण जास्त झाला होता.

पाटाच्या चिखलात कोलंबीचे चुलतभाऊ लागतील असे नांगीवाले जीव आहेत. मी टोपलीभर काढले आणि त्यांच्याच चुलीवर उकडले. त्यांनी आधी एक खाल्ला. मग आणखी नऊ खाल्ले. भांडी घासताना मला एकदम वास आला. माशाच्या ताटाला मागून राहतो तो, आपल्या बोलीत ज्याला 'फ्रेस्किन' म्हणतात. मी म्हटलं, फ्रेस्किन! त्यांनीही ताट नाकाशी नेलं आणि म्हणाले, फ्रेस्किन. तोच शब्द, जसाच्या तसा. त्यांच्यात अंड्याच्या ताटाला म्हणतात. आम्ही दोघं ताटं हुंगत उभे होतो तेव्हा अमाबिले बाईंची शाळकरी नात लोरेट्टा निरोप घेऊन आली आणि तशीच परत गेली.

झोपायला मी अमाबिले बाईंकडेच जाते. तत्त्व म्हणून.

नेरीना


९ ऑक्टोबर १९५५

भावोजी,

जे झालं ते तुम्हाला कळायला हवं, कारण इथे ते समजणारं माझ्याशिवाय कोणी हजर नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी होडीतून ह्यांच्या घरापाशी आले तेव्हा काठावर पाटकरी उभा होता. हॅनिगन नाव त्याचं, पाण्याची दारं उघडायला-लावायला येतो. लाल मानेचा, खिशात वही. त्याने होडीकडे बोट दाखवून बरंच काही इंग्रजीत सांगितलं. मला 'नो' तेवढं कळलं, आणि तो हाताने फळ्या उचकटल्यासारखं करून दाखवत होता तेही कळलं. अमाबिले बाई बाजारात गेल्या होत्या. लोरेट्टा शाळेत. मी आपल्या बोलीत त्याला काही उत्तरं दिली, ती इथे लिहीत नाही.

हे मळ्यातून आले. हातात खुरपं होतं, ते त्यांनी आधी खाली ठेवलं. मग टोपी काढली. आणि बोलायला लागले.

भावोजी, तुमचे भाऊ सलग पाव तास बोलले. पाटकऱ्याला एक अक्षर कळत नव्हतं. ह्यांनाही ते ठाऊक होतं, बहुतेक म्हणूनच बोलता आलं. मला जेवढं आठवतंय तेवढं लिहिते.

"ही बाई पाण्यातली आहे," हे म्हणाले. "मला ते आधी कळलं नाही. मला वाटलं, माणूस काय, कुठेही राहतो. पण मी डोंगरातला. इथे सगळं सपाट. सहा वर्षं झाली, अजून रोज सकाळी दार उघडलं की वाटतं, कोणीतरी आपला डोंगर उचलून नेला. मला असं होतं तर हिला काय होत असेल? डोंगर मला करता येत नाही. होडी करता आली. तीन महिने लागले. गळते, मला माहीत आहे. ही माझ्याकडे राहत नाही, हरकत नाही, पण ही होडीत उभी राहते तेव्हा हिचा चेहरा बघ एकदा. आणि मग सांग मला, तोडू म्हणून."

शेवट तोडलेले शब्द, दातांत धरलेली जीभ, सगळं तसंच होतं. मधलं एकही सुटलं नाही.

हॅनिगनने खरंच माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा रडत होते, नाक वाहत होतं, बघण्यासारखं काही नव्हतं. त्याने वही काढली, काहीतरी खरडलं, ह्यांच्याशी हात मिळवला आणि सायकलवर बसून गेला.

मग आम्ही दोघं काठावर उभे. ह्यांनी टोपी घातली, पुन्हा काढली. बोलून बोलून दमले होते. मी म्हटलं, त्या देवळात मला विचारलं तेव्हा समोर तुम्ही नव्हतात. आता विचारा.

ह्यांनी विचारलं. काय विचारलं आणि मी काय म्हटलं ते आमचं आहे.

ट्रंक दुपारी होडीतूनच आणली. अर्ध्या वाटेत बूड टेकलं, पण आली.

नेरीना


१३ नोव्हेंबर १९५५

भावोजी,

पाटबंधारे खात्याचा कागद आला. आठवडाभर आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. सही-शिक्का पाहून हे म्हणाले, तोडायचा हुकूम आहे. शेवटी लोरेट्टाने वाचून अर्थ सांगितला. हॅनिगनने वहीत लिहिलं होतं, 'पाटातील गवत व शेवाळ काढण्याचे तरते साधन, एक नग.' खात्याने ते मान्य केलंय. अट एवढीच की आम्ही दर पंधरवड्याला पुलापासून लोखंडी दारापर्यंत गवत काढायचं. म्हणजे मी आता सरकारमान्य आहे. पेलेस्त्रीनाला कळवा, आमच्या वडिलांना फार आनंद होईल, त्यांच्या तीनपैकी एकाही होडीला कधी परवाना मिळाला नाही.

गवत काढायला आम्ही दोघं जातो. रविवारी क्लबात बेल्लुनोच्या डोंगराकडून नुकतीच आलेली एक बाई भेटली. माझं बोलणं ऐकून तिने विचारलं, तुम्ही कोणत्या डोंगरातल्या? मला धक्काच बसला. हे शेजारी उभं राहून हसले. ह्यांना हसू येतं हे तुम्ही मला कुठल्याच पत्रात लिहिलं नव्हतंत, ना खोट्या ना खऱ्या.

तर भावोजी, तुम्ही आता या लग्नातून मोकळे. जाब संपला. यापुढे तक्रार असेल ती मी इथेच करीन, समोर आहेत. तुमच्यावरचा राग अर्धा उरलाय, तो भेटीत काढीन. या एकदा. चुलीमागच्या विटांच्या भिंतीला गिलावा करायचाच आहे.

खाली दोन ओळी ह्यांच्या हातच्या आहेत. मी लिहा म्हणून मागे लागले, तासभर बसून लिहिल्या. मी बघितलेल्या नाहीत.

नेरीना तोर्मेन

एवारिस्तो. ही म्हणाली लिही म्हणून लिहितो. माझ्या हातचं आहे, दुरुस्त करू नको. आम्ही बरे आहोत. आपल्याकडचा लामोन गावचा राजमा पाठव, बियाण्याचा. ही मागे उभी राहून होडी रेटते, मी पुढे बसून गवत कापतो. मला पोहता येत नाही. दर वेळी जीव मुठीत धरून बसतो. हिला सांगितलेलं नाही, तूही सांगू नको. जेलिंदो.

वाचलं. उद्यापासून शिकवते. ने.